जुन्या कॉटचा बोल्ट

जेवणं उरकली, गच्चीवर गाद्या पडल्या आणि पोरांनी काकांना घेरलं. काकांचा उभा जन्म फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवण्यात आणि लोकांची कपाटं जिने चढवण्यात गेला.

"गोष्ट खरी सांगा हं. मागच्या वेळची ढापलेली होती," पुतणी म्हणाली.

"ही आमच्या फिटरची. माणूस जिवंत आहे, जाऊन विचारा. सांगणार नाही तो, ही गोष्ट वेगळी."

"भुताने पांढरे कपडे घातले होते का?"

"जे कुणाला दिसलंच नाही, त्याच्या कपड्यांचं काय घेऊन बसलीस? ऐक मुकाट्याने."

फिटर म्हणजे दुकानातून गेलेलं सामान गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जोडून देणारा माणूस. त्या शनिवारी मात्र सामान त्याच्याच घरी निघालं होतं. चारी बाजूंनी लाकडी कठड्याची, बाळाची कॉट. बायकोला नववा लागला होता. तिने स्वतः दुकानात येऊन ती निवडली. गजांमधून मनगट घालून पाहिलं, गादी कोपराने दाबून पाहिली, वर मालकालाच सुनावलं, "खालचा खण उघडायला एवढी ताकद लागते, तर एका हातात बाळ घेऊन कसा उघडायचा?" मग नवऱ्याला म्हणाली, "हीच. आणि आजच."

घराच्या दारात फिटरची आई उभी होती. "आधीपासून कशाला मांडामांड? मागच्या वेळी..."

त्या घरात हे वाक्य कधीच पुरं होत नसे.

मागच्या वेळीही कॉट आली होती. मुलगी पूर्ण दिवसांची झाली, पण रडली नाही. बायको हॉस्पिटलात बेशुद्धीतून बाहेर येत होती आणि इकडे आईने हुकूम सोडला, "ती यायच्या आत सगळं काढ. डोळ्यांसमोर नको." घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. जिचं मूल गेलं, तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाळाचं तोंडही तिला दाखवलं नाही. म्हणे, विसरायला सोपं जाईल. फिटरने मान खाली घालून कॉट खोलली. बायको घरी आली आणि रिकाम्या खोलीच्या दारात थांबली.

"कुठे गेली?"

"देऊन टाकली."

देऊन टाकली नव्हती. त्याचा हातच उठला नव्हता. गोणपाटात बांधून त्याने ती त्याच खोलीच्या माळ्यावर पार मागे सरकवली होती.

आता नवी जोडताना एक बोल्ट कमी निघाला. पाकिटात असं होतं कधीकधी. दुसरा कुणी दुकान उघडेपर्यंत थांबला असता, पण हा पडला फिटर. सुटं काम समोर असताना त्याला पाणी गोड लागत नसे. जुनी कॉट त्याच मापाची होती. इकडचा बोल्ट तिकडे लावणं तर या धंद्यात रोजचंच. बायको आंघोळीला गेल्याचं पाहून तो स्टुलावर चढला, गोणपाटात हात घालून एक बोल्ट काढला आणि नव्या कॉटला बसवला. काटेकोर बसला.

रविवारी सकाळी तो बोल्ट माळ्याखाली फरशीवर होता.

त्याने परत बसवला. सोमवारी सकाळी पुन्हा तिथेच. गळून पडलेला बोल्ट घरंगळतो, आडवा पडतो. हा उभा होता. डोक्यावर. कुणीतरी नीट ठेवल्यासारखा.

"आई, तू काढतेस का?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि मी तुझे बोल्ट काढू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मंगळवारी त्याने आट्यांना गोंद लावून बोल्ट आवळला. तसला गोंद सुकला की बोल्ट निघत नाही, कापावा लागतो.

बारा नोव्हेंबर, मंगळवारची ती रात्र. पावणेतीन वाजता बायकोने त्याला हलवलं.

"अरे ऊठ. बाळ हलत नाहीये."

"झोपलं असेल."

"मी कूस बदलली. गार पाणी प्यायले. पोट चोळलं. नाही हलत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मागच्या वेळीही असंच झालं होतं."

त्याने हॉस्पिटलात फोन लावला. गाडी निघाली म्हणाले. तो चपला शोधू लागला; पायात होत्या तरी शोधत राहिला. आई उठून भिंतीला धरून उभी राहिली.

आणि बाळाच्या खोलीतून आवाज आला.

कर्र...

थांबला.

कर्र...

लाकडात बोल्ट फिरतो, तो आवाज फिटरला झोपेतही कळला असता. त्याने दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. सुकलेला गोंद भुकटी होऊन खाली पडत होता. बोल्ट फिरत होता. एक आटा. थांबा. एक आटा. लहान मुलाला झेपेल तसा.

मग तो निघाला. खाली पडल्याचा आवाज मात्र झाला नाही.

माळ्याखाली उभा होता. डोक्यावर.

मागोमाग आलेल्या बायकोने मान वर केली. "वर काय आहे?"

फिटरने आईकडे पाहिलं.

"काही नाही तिथे," आई म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं, आई. तू सांग. तू देऊन टाकली होतीस ना?"

"...नाही."

ती माळ्याखाली येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "खाली काढ. जोड."

"अगं, अशा वेळी ती डोळ्यांसमोर..." आई मध्येच बोलली.

"डोळ्यांसमोरच हवी होती मला!" ती ओरडली. "एकदा! एकदा तरी बघू द्यायचं होतं तिला! तुम्ही सगळ्यांनी मिळून ती झालीच नाही असं करून टाकलंत!"

फिटरने गोणपाट ओढलं. दोरी सुटेना, तेव्हा दातांनी तोडली. उभ्या आयुष्यात शेकडो कॉट जोडल्या त्याने, पण त्या रात्री तो चुकतच गेला. बोल्ट आवळायची चावी निसटायची. उजवं डाव्याला लागायचं.

"हललं का?"

"नाही."

एक कठडा उभा राहिला.

"आता?"

"नाही."

दुसरा. तिसरा. घाम डोळ्यांत जात होता. आई कोपऱ्यात तोंडावर पदर दाबून होती.

"आता तरी?"

"नाही रे... काहीच नाही..."

शेवटचा बोल्ट. तोच. त्याने भोकात धरला, चावी उचलली.

चावी लागलीच नाही.

बोटांत बोल्ट गर्रकन फिरला. घट्ट झाला. थांबला.

खोलीत... काहीच नाही. तिघांचे श्वास. तेवढेच.

मग बायकोने दोन्ही हात पोटावर दाबले.

"मारली," ती म्हणाली. "लाथ मारली."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

उजाडता उजाडता मुलगा झाला. नाळ गळ्याभोवती होती. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरगा असा रडला की दाराबाहेर फिटरला ऐकू गेलं.

दुपारी तो कपडे न्यायला घरी आला. दोन्ही कॉट उभ्या होत्या. आई जुन्या कॉटपासून लांब, फरशीवर बसली होती. तिच्या हातात चावी होती.

"ती यायच्या आत काढून टाकावी म्हटलं..." ती पुटपुटली. "हात नाही लावला रे मी. तू बघ. तूच बघ."

तो जवळ गेला. त्या कॉटमध्ये कधी कुणी निजलं नव्हतं. कठड्याच्या वरच्या पट्टीवरचा रंग एका जागी उडाला होता. खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

दातांच्या खुणा होत्या. बारक्या. दुधाच्या दातांच्या.

त्याने अंगठा फिरवला.

ओल्या होत्या.