अडीच डॉलरच्या नाण्यावरचा ठसा

नावं बदलली आहेत. बाकी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्यांच्या घरी घडलं, ती माणसं आजही त्याच फ्लॅटमध्ये राहतात.

ऑगस्ट २०१४. सिंगापूर, पुंगोल, अकरावा मजला. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची, सव्वादोनची.

मीनल सतरा महिन्यांच्या नीलला थोपटत पडली होती. खालून एलआरटीची छोटी ट्रेन गेली. मग सगळं शांत.

आणि...

टिंग.

काहीतरी पडलं, घरंगळलं, भिंगरीसारखं फिरत फिरत थांबलं.

बंद कपाटाच्या आत.

त्या कपाटात तिच्या नवऱ्याचं, श्रीनिवासचं, नवं वेड होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेचं सोन्याचं नाणं. अडीच डॉलरचं, प्रूफ. म्हणजे बाजारात चालवायला नव्हे, शौकिनांसाठी खास पाडलेलं. अंग आरशासारखं लख्ख. नुसतं बोट लागलं तरी कायमचा डाग. म्हणून ते पारदर्शक डबीत घट्ट बसवलेलं होतं.

डबीतलं नाणं वाजेल कसं?

आणि कपाटाची किल्ली, एरवी दाराजवळच्या हुकला असायची ती, नाणं आल्यापासून श्रीनिवासच्या खिशात, तांजोंग पगारच्या ऑफिसात.

तिने वळून पाहिलं. नील गाढ झोपेत होता... आणि खुदकन हसला.

संध्याकाळी श्रीनिवासने डबी काढली. दुसऱ्या दिवशी नाणं तपासून घ्यायचं होतं. भिंग डोळ्याला लावलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"मीनल, याला हात कोणी लावला?"

कोरलेल्या चेहऱ्यासमोरच्या कोऱ्या जागेत बोटाचा ठसा होता. इवलासा.

"खरं सांग. दसऱ्याला तू सोन्याला हळदकुंकू लावतेस. तसं काही..."

"म्हणून काय दिसेल त्या सोन्याला लावत सुटते? किल्ली तुझ्याकडे आहे, श्री!"

"मग नीलला खेळायला दिलंस?"

"कपाट उघडलंच नाही मी!"

"ठसा काय आपोआप उमटला?"

झोपताना श्रीनिवासने किल्ली स्वतःच्या उशीखाली सरकवली. पाच वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिघं रवींद्रकाकांकडे गेले. काकांची हयात जुनी नाणी पारखण्यात गेलेली. त्यांनी नाणं तोललं. मग तीन आठवड्यांपूर्वी, विकत घेताना काढलेला फोटो शेजारी ठेवून बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"नाणं अस्सल आहे. आणि फोटोतलंच आहे. या बारीक रेघा बघ, जशाच्या तशा."

"आणि ठसा, काका?"

काकांनी फोटो पुन्हा उचलून पाहिला.

"फोटोत नाही तो. पण श्री... हा काल-परवाचा नव्हे रे. धातूत मुरलाय. इतका काळपट व्हायला पन्नास-साठ वर्षं तरी जातात. सूनबाईवर उगाच डाफरलास."

श्रीनिवास ओशाळला. तरी विचारलंच, "पण ठसा लहान मुलाचाच ना?"

"हो. दीड-दोन वर्षांच्या पोराचा अंगठा असेल."

श्रीनिवासने नीलच्या हाताकडे पाहिलं.

घरी आल्यावर म्हणाला, "एकदा नीलचा ठसा घेऊन बघतेस?"

"म्हणजे अजून संशय आहेच!"

"नाही गं. माझ्या मनातलं जाऊ दे, एवढंच." आणि तो आंघोळीला गेला.

मीनलने नीलच्या अंगठ्याला त्याचंच काजळ लावलं. अंगठा कागदावर टेकवला. काकांनी दिलेला ठशाचा मोठा फोटो शेजारी ठेवला आणि भिंग धरलं.

पहिली रेघ. दुसरी. मधला भोवरा. उजवीकडे एक तुटलेली रेघ...

रेघ न् रेघ तीच. तिने भिंग पुसलं.

पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं.

"जुळतोय का गं?" बाथरूममधून आवाज आला.

मांडीवरचा नील मान वर करून तिच्याकडे एकटक बघत होता.

मीनलने कागद चुरगाळून नळाखाली धरला. काजळ वाहून गेलं.

"नाही रे," ती म्हणाली. "अजिबात नाही जुळत."

नाणं महिन्याभरात विकलं गेलं. किल्ली पुन्हा दाराजवळच्या हुकला आली. मीनलने तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही.

तीन वर्षांनी एकदा ती नीलला घेऊन खालच्या हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या गाळ्यांकडे, गेली. ज्यूससाठी त्याच्या हातात एक डॉलरचं नाणं दिलं.

नीलने ते अगदी जपून, दोन बोटांच्या टोकांनी, कडेला धरलं. पारखी धरतात तसं. त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

मग तो मागे सरकला. दुसरा हात डोक्यावर आडवा धरला.

"साइडलाच पकडलंय, मम्मा," तो हळूच म्हणाला. "आता मारू नको हं."

मीनलने त्याच्यावर आजवर कधीच हात उगारलेला नाही.