विझलेला हेरंब

गेल्या वर्षभरात हेरंबने बायकोला कामाच्या वेळात एकदाही फोन केला नव्हता. त्याचं कारण आता डॉ. यामिनी पाटणकरच्या समोर, मिरजेच्या यकृत संशोधन केंद्रातल्या पडद्यावर, लिंबाएवढ्या काळ्या डागाच्या रूपात दिसत होतं.

"मॅडम, नवरा म्हणून बघू नका. नमुना म्हणून बघा," डॉ. लतीफ मुजावर म्हणाले. केंद्रातले रुग्ण ते पाहत, उंदीर आणि परीक्षानळ्या यामिनी.

"नमुनाच आहे तो. लग्न झाल्यापासून."

मुजावर हसले नाहीत. त्यांनी डागावर बोट ठेवलं. "थायरॉइडचं संप्रेरक यकृताच्या पेशीला सांगतं, तू मोठी झालीस, आता मोठ्यासारखी वाग. जिला हे ऐकायचंच नसतं, ती पेशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. संप्रेरकावर तीन आयोडीन अणू असतात, त्यातला एक हे विकर उपटतं. संप्रेरक मुकं होतं. पेशी हुंदडायला मोकळी."

"विझवण," यामिनी म्हणाली. विकराचं हे नाव तिनेच ठेवलं होतं.

"यांची गाठ इतकं विझवण सोडतेय की सगळ्या अंगातलं संप्रेरक विझतंय. वरून गोळ्या दिल्या, त्याही गाठीने खाल्ल्या. म्हणून ही सुस्ती, थंडी, जाड झालेला आवाज."

"आणि स्वभाव?"

"स्वभावाचं काय?"

*

कुठेस? मागे कोण खोकलं? लिफ्टमध्ये एवढा वेळ? मुजावर कोण? वयाने केवढे? मग त्यांचं नाव आज दोनदा का घेतलंस? व्हिडिओ लाव. खोली दाखव. दाराच्या मागे दाखव. नवीन ओढणी कुणी सांगितली घालायला? बरं, तूच घेतलीस. कुणाला आवडावी म्हणून?

*

हे सगळं वर्षापूर्वी हळूहळू थांबलं होतं. हेरंब चष्म्याच्या दुकानातून लवकर घरी येऊ लागला. भर उन्हाळ्यात शाल पांघरून ओट्यापाशी बसायचा आणि लसणाचा एक गड्डा सोलायला अर्धी संध्याकाळ लावायचा. यामिनी दिवसभराचं काहीबाही सांगायची. ती थांबली की तो मान वर करून विचारायचा, "मग?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तिला घरी जायची घाई होऊ लागली होती.

"तुम्हीच शोधलेलं विझवणरोधक द्यायचं," मुजावर सांगत होते. "पण रोधक स्वतः काही मारत नाही. ते फक्त विकराचं तोंड बांधतं. पेशींना वळणावर आणायचं काम यांच्या स्वतःच्या संप्रेरकाने करायचंय. आणि ते पूर्वीइतकं झालं पाहिजे. त्यांची ग्रंथी मुळातच तापट, हे आपलं नशीब."

"ग्रंथी थोडी दाबली तर? निदान बाकीचं शरीर शांत राहील."

"हे तुम्ही मला विचारताय, मॅडम?"

उत्तर तिला माहीत होतं. ग्रंथी दाबली की रक्तातलं संप्रेरक कमी, म्हणजे यकृतातलंही कमी. मग रोधक कितीही दिलं तरी त्याचा उपयोग शून्य. हेरंबला जगवायचं ते संप्रेरक आणि त्याला पेटवायचं ते संप्रेरक एकच होतं. गाठ गेल्यावरही ते आयुष्यभर वरच ठेवावं लागणार होतं.

मुजावर म्हणाले, "संप्रेरकाने संशय तयार होत नाही. असलेल्याला इंधन मिळतं, एवढंच."

संमतिपत्र हेरंबपुढे ठेवलं तेव्हा त्याने शाल सावरली. यामिनीने सहीची जागा दाखवली. त्याने सही केली, पेन परत दिलं आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "मग?"

*

फोन वाजला तेव्हा यामिनी सूक्ष्मदर्शकापाशी होती.

"कोण हसलं आत्ता?"

तिला क्षणभर आवाज ओळखता आला नाही. तो बारीक, धारदार झाला होता.

"प्रयोगशाळेतली मुलं आहेत, हेरंब."

"मुलं म्हणजे केवढी?"

तिने उत्तर दिलं, फोन ठेवला आणि पुढची काचपट्टी लावली. औषध लागू पडत होतं.

*

आवाजाचा जाडपणा मोजायला मुजावरांनी दर आठवड्याला रेकॉर्डिंग मागितलं होतं. आजारपणात यामिनी त्याला वाचायला एक उतारा द्यायची. उतारा संपला तरी ती रेकॉर्डिंग बंद करायची नाही. एका रविवारी सकाळी हेरंबला टॅबवर ही रेकॉर्डिंग सापडली.

यामिनी: बेडकाच्या पिल्लाची थायरॉइड काढली तर ते बेडूक होतच नाही. शेपटीसकट पाण्यातच वाढत राहतं.
तो: मग?
यामिनी: मग काय! पाण्यात संप्रेरक टाकलं की पाय फुटतात, शेपटी जाते.
तो: शेपटीला विचारतात का आधी?
(यामिनी हसते. पुष्कळ वेळ हसते.)

थांबवलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुलाच तर सांगतेय. तूच आहेस तो."

"मी नाही. मला यातलं काहीही आठवत नाही."

परत लावलं.

तो: बोलताना हात किती हलवतेस तू. पूर्वी पण हलवायचीस?
यामिनी: पूर्वी तू हातांकडे बघायचा नाहीस. हातातल्या फोनकडे बघायचास.
तो: काय असायचं त्या फोनमध्ये?
यामिनी: उंदरांचे फोटो.
(दोघंही हसतात.)

थांबवलं.

"एवढ्या वर्षांत माझ्यासमोर असं हसलीस कधी?"

"हेरंब, तू स्वतःवर जळतोयस."

"मी त्याच्यावर जळतोय. माझ्या घरात बसलाय. माझी शाल पांघरून."

*

आठवड्याभराने एका रात्री जेवणं झाल्यावर हेरंबने कॅप्सूलची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"आजपासून बंद."

"वेडा आहेस का? गाठ अजून निम्मी आहे!"

"असू दे. वाढू दे." तो ओरडला नाही, हे जास्त भीतीचं होतं. "तुला तो हवाय. मी रोज ऐकतोय ना ते, मला कळतं. येऊ दे त्याला परत. मला एकदा तुला तसं हसताना समोरून बघायचंय."

यामिनीला तिथेच त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ती पडली नाही. या प्रेमाच्या बोलण्याला प्रेमानेच उत्तर दिलं असतं, तर तो आनंदाने मेला असता. विनवण्या केल्या असत्या, तर त्याने त्यातही काही शोधलं असतं. या माणसात एकच गोष्ट अशी होती, जिने आजारपण सोडलं तर एकही दिवस खाडा केला नव्हता: त्याचं जळणं.

तिने बाटली उचलली आणि कपाटात ठेवली.

"बरं. नको घेऊस."

"नको?"

"खरं सांगू? मला तो फार आठवतो. तो आला की मी लांब रजा टाकेन. दुपारी आम्ही गच्चीवर बसू, त्याला ऊन लागतं. गाठ वाढेल, पण मिळतील तेवढे दिवस आमचे. शेवटी त्याचा हात माझ्या हातात असेल."

"त्याचा?"

"मग कोणाचा? तू तर आत्ताच निघालास."

हेरंबची मान लाल झाली. कपाळावरची शीर उडताना तिला टेबलापलीकडून दिसत होती. तो उठला, कपाट उघडलं, आणि पाण्याशिवाय कॅप्सूल गिळली.

"मरू दे साल्याला," तो म्हणाला.

त्यानंतर रोज जेवण झालं की यामिनी भांडी आवरता आवरता ती रेकॉर्डिंग लावायची. कधी हसायची, कधी पुटपुटायची, "किती गोड बोलायचा." कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला की बंद करायची. यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, म्हणूनच हेरंबला त्यात फट सापडत नव्हती.

*

"एकही डोस चुकलेला नाही," मुजावर म्हणाले. "कसं जमवलंत हो तुम्ही? माझे बाकीचे पेशंट आठवड्यात कंटाळतात."

"घरात स्पर्धा आहे," यामिनी म्हणाली.

त्यांना समजलं नाही. त्यांनी पडद्यावर सकाळचं चित्र आणलं. जिथे डाग होता तिथे राखाडी, एकसारखं, साधं यकृत होतं. मुजावरांनी चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. "सगळ्या पेशी वळणावर आल्या, मॅडम. पेढे आणा."

यामिनी बाहेर बाकावर येऊन बसली. फोन वाजलाच.

"एवढा वेळ? आत कोण कोण होतं?"

"मी आणि मुजावर. हेरंब, गाठ गेली. काहीसुद्धा उरलेलं नाही."

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे तो गेला."

"हो."

तिला एवढंच म्हणायचं होतं. पण त्या एका अक्षरावर तिचा आवाज फुटला. तिने तोंडावर ओढणी धरली. उशीर झाला होता. पलीकडचा माणूस आता पुन्हा सगळं ऐकू शकत होता.

"यामिनी," हेरंब म्हणाला, "तू कोणासाठी रडतेयस?"