राखाडी जागा

सूर्य वर आला की सारे शहर एकाच वेळी काहीतरी निरखू लागे. कुणी दाराच्या कडीवरचे ऊन, कुणी कणकेवर उमटलेले स्वतःच्या बोटांचे ठसे, कुणी बादलीतल्या पाण्याचे थरथरते वर्तुळ. या साधनेला 'क्षणग्रहण' असे नाव होते आणि तिला राजाश्रय होता. त्याचे कारण उघड आहे: बादलीतले वर्तुळ निरखण्यात गढलेला नागरिक, बादली अर्धीच का भरली, असे विचारत नाही.

साधनेचे उपकरण म्हणजे 'अवधानक': एक लहान कॅमेरा आणि कपाळावर बांधायची बोटभर पट्टी. साधा कॅमेरा समोरचा सगळा प्रकाश टिपतो. अवधानक पट्टीच्या साहाय्याने मेंदूचे संकेत वाचतो आणि चित्राचा तेवढाच भाग ठेवतो, ज्याची मेंदूने त्या क्षणी नोंद घेतली. उरलेली जागा राखाडी होते. चित्रे थेट साधनाकेंद्राच्या साठ्यात जात, आणि साधकाने ती पुन्हा पाहू नयेत असा दंडक होता. पाहिल्याने आसक्ती वाढते म्हणे. ज्या विद्येत परीक्षा रोज होते आणि निकाल कधीच लागत नाही, ती लोकप्रिय होणारच.

भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक भालचंद्र उकिडवे यांनी हा दंडक एकदाच मोडला. त्यांची पत्नी शरयू गेल्याला काही महिने झाले होते. केंद्राच्या प्रयोगशाळेत ते डॉ. इरावती सबनीस यांच्यासमोर बसले. कपाळावर पट्टी होतीच. सवयीने बांधली होती.

"फोटो हवाय तिचा," ते म्हणाले. "घरात एकही नाही. कॅमेरा समोर आला की ती स्वयंपाकघरात पळायची. आणि आता आठवायला गेलो तर नुसता चष्मा आठवतो. पण मी रोज सकाळी चहाच्या वेळी क्षणग्रहण करायचो. कॅमेरा कपाकडे, म्हणून ती निवांत समोरच बसलेली असायची."

इरावतीने साठा उघडला. पहिल्या चित्रात कप होता, कपाची कड, वाफेचा एकेक धागा. वाफेपलीकडे खुर्चीत माणसाच्या आकाराची राखाडी जागा. दुसऱ्या चित्रात तेच. ती चित्रे सरकवत राहिली. ऋतू बदलले, कप बदलला, भिंतीचा रंग बदलला. राखाडी जागा तेवढी बदलली नाही.

"यंत्र बिघडलंय का हो?"

"नाही, काका." तिने पडद्यावरची नजर काढली नाही. "मेंदू आळशी असतो. तो पाहत नाही, अंदाज बांधतो. घरातला जिना उतरताना तुम्ही पायऱ्या बघता का? एखादी पायरी खचली, अंदाज चुकला, की तेवढीच कळते. जे अंदाजाप्रमाणे आहे त्याची मेंदू नोंदच घेत नाही."

"म्हणजे ती माझी पायरी होती."

"तुमच्या अगदी ओळखीची होती, असं म्हणू."

"छान म्हणता. सांत्वनाचाही अभ्यासक्रम असतो का केंद्रात?"

ती हसली नाही, कारण त्या क्षणी तिला एक वेगळे चित्र दिसले होते. त्यात वाफ राखाडी होती, कपही राखाडी होता. इतक्या वर्षांच्या सरावाने त्या साध्या वाफेचाही जिना झाला होता. आणि वाफेमागे, केसांच्या प्रत्येक बटेसह, एका स्त्रीचा चेहरा लखलखीत उमटला होता. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. एक डोळा अर्धा मिटला होता.

इरावतीचा हात पडदा बंद करण्यासाठी पुढे गेला. तेवढ्यात उकिडवे म्हणाले, "थांबा. ही शरयू."

ते पडद्याजवळ वाकले.

"हे कधीचं?"

खोटे बोलणे सोपे होते. ती म्हणाली, "शेवटचं चित्र आहे, काका. त्याच दिवशीचं."

"त्या दिवशी चहानंतर मी इथेच आलो होतो, सामूहिक साधनेला. दुपारी घरी गेलो तर ती जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात; सकाळी आणलं असतं तर वाचल्या असत्या. मी त्यांना सांगितलं, सकाळी ती व्यवस्थित होती." त्यांनी इरावतीकडे पाहिले. "मी पाहिलं तिला?"

"तुमच्या मेंदूने पाहिलं. अंदाज चुकला, म्हणून नोंद झाली. पण मेंदूने नोंद घेणं वेगळं आणि तुम्हाला कळणं वेगळं. ते कळायच्या आधी फार तर एक अस्वस्थपणा येतो. इतकंच."

"आला होता," ते म्हणाले. आवाज वर्गात नकाशा समजावताना असावा तसा सपाट होता. "बटण दाबताना काहीतरी खटकलं. तुम्ही शिकवता ना, अस्वस्थपणा आला की त्याच्या मागे जायचं नाही, नुसतं पाहायचं, जाऊ द्यायचं? मी पाहिलं. जाऊ दिलं. मग दोन दीर्घ श्वास घेतले आणि पायात चपला घातल्या. फार प्रसन्न वाटत होतं, बाई."

खालच्या सभागृहात सकाळचे सत्र सुरू होत होते. शेकडो माणसांचा एकदम सोडलेला श्वास जमिनीतून वर आला.

"हे चित्र मी पुसून टाकू शकते," इरावती म्हणाली.

"नको. छापून द्या." त्यांनी कपाळावरची पट्टी सोडली आणि घडी घालून टेबलावर ठेवली. "तिचा दुसरा चेहरा माझ्याकडे नाही."