टिटवाळ्याहून परत आलेला उंदीर

पेस्ट कंट्रोलवाला स्टुलावर उभा होता, आणि उंदीर खाली लादीवर बसून चकली खात होता.

ऋजुता मागच्या दाराने दुकानात शिरली ती नेमकी ह्याच वेळी. स्टुलावरच्या मुलाच्या निळ्या शर्टावर 'परेरा पेस्ट कंट्रोल, वागळे इस्टेट' असं लिहिलेलं होतं. त्याच्या एका हातात टॉर्च होता. दुसऱ्या हाताने त्याने लाडवांचं रॅक असं धरलं होतं, जसा काही खाली पूर आलाय.

"तुम्ही... पेस्ट कंट्रोलचे?"

"हो."

"मग वर काय करताय?"

"इन्स्पेक्शन," तो म्हणाला. "वरून जरा... ओव्हरऑल व्ह्यू येतो."

ऋजुताने झाडू आपटला. उंदीर उरलेली चकली तोंडात धरून पिठाच्या पिंपामागे गेला. पळाला नाही, गेला. मग तो मुलगा एकेक पाय टाकत खाली उतरला.

"उंदराला घाबरता?"

"घाबरत नाही. अचानक आला की दचकतो फक्त."

"आणि तो सांगून कधी येतो?"

तो हसला. हसताना त्याचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला दिसला. ऋजुताने तो दात गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ बघितला, आणि मग उगाचच पिंपाकडे बघायला लागली.

त्याचं नाव ॲरन. धंदा त्याच्या पप्पांचा. पप्पा कुणाच्या तरी माळ्यावरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, म्हणून घरी बसून वेबसाइटी बनवणाऱ्या ह्या पोराच्या गळ्यात पिंजरा आला. ऋजुताने झूलॉजीत बी.एस्सी. केलं होतं. त्या पदवीचा आजपर्यंत कुणालाही काही उपयोग झाला नव्हता. आता ती डोंबिवली पूर्वेला आत्याच्या फराळाच्या दुकानात बसायची. पण एखादी गोष्ट खटकली की मुळापर्यंत गेल्याशिवाय तिला झोप यायची नाही, हे मात्र कॉलेजपासून तसंच राहिलेलं.

दुकानाची मालकीण गोदाआत्या. तिने ॲरनला समोर उभं करून अटी सांगितल्या.

"विष नाही. गोंदाचा पुठ्ठा नाही. गणपती तोंडावर आलेत, बाप्पाच्या वाहनाला माझ्या दुकानात कुणी मारायचं नाही. जिवंत पकडायचा आणि टिटवाळ्याला नेऊन सोडायचा. देवळाजवळ."

"टिटवाळ्याला?"

"मग? त्याला त्याच्या मालकाकडे पोचवायला नको?"

ॲरनने मान हलवली. "पिंजऱ्यात काय लावू? आमच्या मम्मीच्या मते सुकट बेस्ट..."

"सुकट?" आत्याचा आवाज रस्त्यावर गेला. "माझ्या दुकानात सुकट?"

तेव्हा पिंजऱ्यात भाजणीची चकली लागली. साजूक लोणी घातलेली. असं जेवण मिळाल्यावर कुठला उंदीर कायमचा जाईल? दुसऱ्याच दिवशी तो सापडला. ॲरनने पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, पिंजरा अंगापासून लांब धरला आणि स्कूटरला बांधून घेऊन गेला. आत्याने मागून हात जोडले. आठवड्याभरात पुन्हा खुडबुड. पुन्हा फोन, पुन्हा ॲरन.

पिंजरा लावायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. ॲरनला तास लागायचा. आधी भोकं शोधायची, मग चहा, मग तीच भोकं पुन्हा बघायची.

"हे भोक गेल्या वेळी पण बघितलेलंस ना?" ऋजुता टॉर्च धरून विचारायची.

"गेल्या वेळी वेगळ्या अँगलने बघितलेलं."

"बुजवत का नाहीस?"

"आधी त्यांची... ये-जा समजून घ्यायला लागते."

"त्यांची?"

"हो, मग कुणाची?" तो म्हणायचा, आणि टॉर्चच्या उजेडात त्याचे कान लाल झालेले तिला स्पष्ट दिसायचे.

तिला गंमत वाटत होती. पण खटकत पण होतं. दर वेळी सापडणारा उंदीर तिला ओळखीचा का वाटायचा? तीच ऐट, तोच डाव्या कानाचा तुटका कोपरा.

"सगळे उंदीर सारखेच दिसतात गं," ॲरन घाईघाईने म्हणाला.

"तू बघितलेस कधी? गोणपाट टाकूनच तर नेतोस!"

पुढच्या वेळी उंदीर सापडला तेव्हा ॲरन यायच्या आत तिने एक प्रयोग केला. जिलबीसाठी आणलेला केशरी रंग वाटीत कालवला, कापसाचा बोळा काडीला गुंडाळला आणि पिंजऱ्याच्या तारांमधून उंदराची शेपटी आणि पाठ रंगवून टाकली. उंदराने फारसा विरोध केला नाही. तो चकली खात होता.

दोन दिवसांनी सकाळी आत्या दुकानातल्या गणपतीपुढे निरांजन लावायला गेली आणि किंचाळली. ऋजुता धावली. देव्हाऱ्यात, नैवेद्याच्या वाटीशेजारी, केशरी शेपटीचा उंदीर गूळ-खोबरं खात बसला होता. आत्याची किंकाळी मध्येच थांबली आणि तिचे हात आपोआप जुळले.

"अगं ऋजू... हा तोच, तुटक्या कानाचा! टिटवाळ्याला पाठवलेला! देवाच्या पायाशी जाऊन, शेंदूर लावून घेऊन परत आला गं!"

ऋजुताने शेपटीकडे नीट बघितलं. रंग आपला. म्हणजे शेंदूर नाही. म्हणजे हा टिटवाळ्याला गेलेलाच नाही. म्हणजे ॲरन... थापा मारतो?

पण का? स्कूटरच्या पेट्रोलसाठी? तो तसा वाटत नव्हता. दिवसभर ती त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. उत्तराचा एक कोपरा हाती लागायचा... आणि ती घाईने चकल्या मोजायला लागायची.

तोवर बातमी बाजारपेठभर झाली होती. बायका मोदक घेऊन आल्या. कुणी काजू ठेवले, कुणी मोबाइल लावून तासभर भोकासमोर बसलं. दोन दिवसांत दुकानाबाहेर बॅनर लागला: 'शेंदरी मूषकराजांचे डोंबिवली नगरीत सहर्ष स्वागत. शुभेच्छुक: धनेशभाऊ'. बॅनरवर उंदीर कोपऱ्यात होता आणि धनेशभाऊ मध्यभागी. धनेशभाऊ गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याला नगरसेवक व्हायचं होतं. दुकानाची विक्री दुप्पट झाली. आत्याने ॲरनला फोन केला.

"पिंजरा घेऊन जा बाबा. आणि परत येऊ नकोस. देवाच्या दूताला कोंडायचं पाप माझ्याच्याने होणार नाही."

तो पिंजरा न्यायला मागच्या दाराने आला. भुरभुर पाऊस होता. ऋजुता दारातच उभी होती.

"कुठे सोडतोस त्याला?"

"...टिट..."

"ॲरन."

त्याने केसांतलं पाणी झटकलं. "मागच्या गल्लीत. रिकाम्या प्लॉटवर."

"का?"

"हसशील तू."

"नाही हसणार."

"कारण, ते कसंय... मी..."

"अरे, पेस्टवाले!" धनेशभाऊ छत्री घेऊन मध्येच उगवला. "तुम्हालाच शोधत होतो. चतुर्थीच्या आधी महाराजांची मिरवणूक काढतोय, टिटवाळ्यापर्यंत. उघडी जीप, बँजो. तेवढे महाराज पकडून द्यायचे. अलगद हां!"

ॲरन ऋजुताकडे बघत राहिला. त्याला पुन्हा एकदा यायला मिळतंय, एवढंच तिच्या डोक्यात आलं आणि त्याची तिला लाज पण वाटली.

मिरवणुकीच्या सकाळी ती माळ्यावर गेली, तर तांदळाच्या पिठाची दोन पोती फाटलेली. बाहेरच्या प्रसादाने अख्ख्या बाजारातले उंदीर गोळा केले होते. साधे, करडे, बिनशेंदराचे. एक तर तिच्याकडे वळून बघून पुन्हा खायला लागला. गणपतीच्या मोदकांची सगळी ऑर्डर ह्याच पिठावर होती. ती तशीच पायरीवर बसली. खरं सांगितलं तर आत्याची श्रद्धा आणि दुकानाचं नाव जाणार. आणि ॲरन खोटारडा ठरणार, त्याला आत्या पुन्हा कधीच उंबऱ्यात उभं करणार नाही. नाही सांगितलं, तर दुकान उंदरांचं होणार, आणि ॲरन आजच्यानंतर तसाही येणार नाही.

खाली बँजो सुरू झाला. ॲरन पिंजरा घेऊन उभा होता, गोणपाट न टाकता, डोळे अर्धे मिटून. धनेशभाऊ ऋजुताला बाजूला घेऊन कानात बोलला.

"ताई, महाराज जरा फिके पडलेत. फोटोत येत नाहीत. तुमच्याकडे तो जिलबीचा रंग असेल ना? दोन थेंब!"

"जिलबीचा रंग?" आत्या मागेच हार घेऊन उभी होती. "शेंदराला जिलबीचा रंग कशाला?"

बँजोवाल्याने काहीतरी बिघडलंय हे ओळखून हात थांबवला. ऋजुता पुढे झाली.

"आत्या, तो शेंदूर नाहीये. रंग..."

"मी लावला," ॲरन म्हणाला.

"मी लावला," ऋजुता म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"आधी ठरवून या," आत्या म्हणाली. "ऋजू, तू बोल."

"मी लावला. मला बघायचं होतं, दर वेळी तोच उंदीर येतो का. माळ्यावर दोन पोती फाटलीयेत आत्या. आणखी मोदक ठेवलेस तर आपल्यालाच बाहेर झोपावं लागेल."

आत्याने ॲरनकडे बघितलं. "म्हणजे तू टिटवाळ्याला नेतच नव्हतास?"

"नाही. मागच्या गल्लीत सोडत होतो."

"आळशी मेल्या!"

"आळस नाही, आत्या." त्याने पिंजरा खाली ठेवला. "टिटवाळ्याला सोडला असता तर तो परत आला नसता. तो आला नसता तर तुम्ही मला बोलावलं नसतं. आणि तुम्ही बोलावलं नसतं तर... मला ही दिसली नसती."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. बँजोवाल्याला राहवलं नाही, त्याने मिरवणुकीसाठी बसवलेली आरती सोडून भलतीच चाल वाजवली. धनेशभाऊने ताबडतोब फोटोग्राफरला ह्या दोघांकडे वळवलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला.

आत्या मात्र हसली नाही. तिने हातातला हार बॅनरच्या खिळ्याला अडकवला. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"देवाच्या नावावर थापा मारल्यास तू," ती हळू म्हणाली. "मी रोज त्या प्राण्यापुढे हात जोडत होते."

"चुकलं माझं. खरंच चुकलं."

"आणि तू गं? बघत राहिलीस?"

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो येणं बंद झालं असतं, आत्या."

आत्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग तिने पदर खोचला.

"गणपती चार दिवसांवर आलेत. गप्पा पुरे. जीप आलीच आहे तर ह्याला खरंच टिटवाळ्याला पाठवा. धनेश, तू ने. आणि तू रे, शर्टाच्या बाह्या वर कर. एकूणएक भोक बुजल्याशिवाय आज घरी जायचं नाही."

जीप गेली. लोक पांगले. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून ॲरन सिमेंट कालवत बसला आणि ऋजुता सिमेंटात मिसळायचा काचेचा चुरा वाटीत घेऊन त्याच्या शेजारी. एकेक भोक बुजत गेलं. पुढे गल्ल्यावर आत्या कुणाला तरी फोनवर सांगत होती, "हो हो, मोदक मिळतील, वेळेवर मिळतील." मग जरा आवाज खाली घेऊन, "मुलगा? ठाण्याचा आहे. काम बरं करतो."

शेवटचं भोक पिंपामागे होतं. ॲरनने थापी फिरवली, बोटाने कडा पुसली आणि तिथेच उकिडवा बसून राहिला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता काहीच राहिलं नाही." त्याने तिच्याकडे बघितलं. "आता मी... कशाला येणार?"

तिच्या हाताला सिमेंट लागलं होतं, त्याच्याही. तिने त्याच्या मनगटाला धरून त्याला उठवलं. उठवल्यावरही सोडलं नाही.

"उद्या ये," ऋजुता म्हणाली. "कशाला ते उद्या सांगते."