नंबराच्या मागचा पत्ता

धावण्याच्या क्लबात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. त्यात चिडवणं होतं तसं कौतुकही होतं. पहाटे साडेचारला उठायचं, दोन तास पळायचं, पिटुकली उठायच्या आत घरी परतायचं आणि आठच्या ठोक्याला लॅबमध्ये लोकांच्या दंडातून रक्त काढत उभं राहायचं. मनगटाकडे बघितल्याशिवाय या बाईचा एक किलोमीटर सरत नसे. वेग बघते की घरी जायची वेळ, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता बघा, अशी वेळ पाळणारी बाई, आणि मॅरेथॉनला नाव नोंदवायची शेवटची तारीख हिच्याच हातून निसटली. सहा वर्षांची पिटुकली तापाने फणफणली होती. तिच्या उशाशी बसून आठवडा गेला आणि त्यात तारीखही गेली. क्लबच्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी चार तासांच्या आत येईल तीच क्लबच्या संघात, आणि पुढच्या वर्षी तर तिची चाळिशी. ती कुणापाशी रडली नाही. पण दोन दिवस घरात भांडी जरा जास्तच वाजत होती, आणि नवरा शहाणा, तो मुकाट्याने जेवत होता.

शेवटी सरांनीच वाट काढली. बाजारपेठेतल्या एका शिंप्याच्या बायकोचं नाव नोंदवलेलं होतं. बाई चार महिन्यांपूर्वी पहाटेच्या सरावात रस्त्यावरच कोसळली, हृदय थांबलं. तिचा नंबर, शर्यतीत छातीवर लावायचा तो कागद, शिंप्याकडे पडून होता. दुसऱ्याच्या नंबरावर पळायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तिकडे काणाडोळा करतात. शनिवारी लॅब सुटल्यावर ती तो आणायला गेली.

शिंपी मशीनवरून उठला नाही. कापडाखालून त्याने पाकीट काढलं आणि तिच्या पायांकडे बघत राहिला.

"तिचा डावा पाय जरा घासायचा," तो म्हणाला. "जिन्यातच कळायचं, आली म्हणून. तिला घाई एकच असायची... आमची छोटी उठायच्या आत घर गाठायचं. त्या दिवशी तेवढं राहिलं."

 घड्याळबाई पाकीट घेऊन निघाली.

रात्री पिटुकलीचा ताप पुन्हा चढला. "उद्या नाही जात मी," घड्याळबाई म्हणाली, आणि नवऱ्याने तिला हात जोडले. वर्षभर घर डोक्यावर घेतलंस, आता जा बाई एकदाची, मी आहे ना, असं म्हणून त्याने औषधाची बाटली स्वतःच्या ताब्यात घेतली. पिटुकलीने मात्र वचन घेतलं. "मी उठायच्या आत ये." रविवारी ती नऊला उठे. शर्यत साडेपाचला सुटणार. घड्याळबाईने बोटांवर हिशोब केला, तो जमत नव्हता, तरी ती हो म्हणाली.

मग तिने नंबर बाहेर काढला. पुढे मोठे आकडे, त्याखाली त्या बाईचं नाव छापलेलं. मागे चिकटवलेली वेळेची चिप, आणि पत्ता, फोन, रक्तगट यांसाठी कोऱ्या ओळी. आपण कुठे पडलो तर त्या बिचाऱ्या शिंप्याला फोन जायला नको, म्हणून तिने लॅबच्या नळ्यांवर लिहायच्या न पुसणाऱ्या पेनाने तिथे आपला फोन आणि पत्ता लिहिला. बारीक, नीट, मजल्यासकट. नळीवर नाव एकाचं आणि आत रक्त दुसऱ्याचं, ही चूक पंधरा वर्षांत तिने कधी होऊ दिली नव्हती. त्या रात्री मात्र तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

सकाळी धुकं असं की पुढच्याची पाठ दिसेना. हजार बायका-पुरुष एका दमात निघाले आणि बघता बघता पांगले. दहा किलोमीटरवर रस्त्यात वेळ नोंदवणारी रबरी पट्टी होती. तिच्यावर पाय पडला की चिप ओळखून यंत्र टीं करतं. तिचा पाय पडायच्या आधीच यंत्र वाजलं. शेजारचा कुणी असेल, असं तिने स्वतःला समजावलं. शेजारी कुणी नव्हतं.

विसाव्या किलोमीटरला ती पट्टीपासून चांगली पन्नास पावलं लांब होती, तेव्हा ते वाजलं. ती पट्टीवरून गेली तेव्हा यंत्र गप्प. त्यानंतर तिला पावलं ऐकू यायला लागली, पुढे, धुक्यात. एक पाऊल साफ पडायचं. दुसरं थोडं घासत.

परत फिरावं असं तिला वाटलं. पण पाय छान चालले होते, घड्याळ म्हणत होतं की चार तासांच्या आत येशील, आणि खरं सांगायचं तर लोभ सुटत नव्हता. ती पळत राहिली.

तिसाव्या किलोमीटरला पट्टीजवळ शाल पांघरलेल्या एक बाई पडद्यावर नंबर तपासत बसल्या होत्या. त्यांनी तिच्या छातीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"ताई... हा नंबर तर दोन मिनिटांपूर्वी गेला."

"कोण होतं?"

"तुम्हीच... म्हणजे, मला वाटलं तुम्हीच."

छत्तिसाव्या किलोमीटरला डेअरीचा चौक आहे. शर्यतीचा रस्ता सरळ जातो. उजवीकडे वळलं की तिसऱ्या गल्लीत तिचं घर. तिथे धुकं जरा फाटलं आणि पुढे एक पाठ दिसली. सडपातळ, वेणी घट्ट बांधलेली, डावा पाय घासत पळणारी. ती पाठ सरळ गेली नाही. ती उजवीकडे वळली.

तेव्हा घड्याळबाईला आपण मागे काय लिहिलंय ते आठवलं.  नऊला सहा मिनिटं कमी होती, सहा किलोमीटर उरले होते, संघातली जागा हाताशी आली होती. तिने मनगटाकडे बघितलंही नाही. ती उजवीकडे वळली आणि आयुष्यात कधी पळाली नव्हती तशी पळाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. नवरा ओल्या डोक्याने मोरीतून बाहेर येत होता. तिला बघून तो थबकला.

"अगं, तू परत खाली कधी गेलीस? आत्ता तर आत पिटुकलीशी बोलत होतीस..."

ती आत धावली. पिटुकली पलंगावर बसली होती. कपाळ गार, ताप औषधालाही नाही. केसांच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या, टोकापर्यंत, रिबिनी आत दुमडून. घड्याळबाईला अशा वेण्या घालता येत नव्हत्या. दारापासून पलंगापर्यंत फरशीवर ओली पावलं होती, आणि डाव्या पावलामागे प्रत्येक वेळी एक फरपटलेली रेघ.

संघ गेला. सर महिनाभर धुसफुसले. तिने त्यांना काहीच सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं, आणि तो त्या दिवसापासून मोरीचं दार लावत नाही. बूट तिने माळ्यावर टाकले. पहाटे डोळे उघडे ठेवून ती लेकीच्या अंगावर हात टाकून पडून राही.

बाराव्या दिवशी सरांना पत्ता विचारून शिंपी आला. आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"एक विचारायचं होतं... ती गेल्यापासून आमची छोटी रोज सकाळी म्हणायची, आई येऊन गेली. मी म्हणायचो, बोलू दे पोरीला. पण शर्यत झाल्यापासून ती म्हणते, आई येतच नाही. रोज रडते हो." त्याने आत डोकावून बघितलं. "तुम्ही तिच्या आईला वाटेत कुठे सोडलंत का?"

घड्याळबाईला रडू फुटलं. तिने सगळं सांगितलं. मग कपाटातून नंबर काढला, ते न पुसणारं पेन घेतलं. आपला पत्ता खोडून तिथे शिंप्याचा लिहायचा, म्हणजे ज्याचं त्याला मिळेल. तिने नंबर उलटा केला. मागच्या ओळी कोऱ्या होत्या. मजला नाही, गल्ली नाही, शाईचा ठिपकाही नाही. तरी तिने शिंप्याचा पत्ता ठसठशीत लिहिला आणि नंबर त्याच्या हातात दिला. त्याने तो छातीशी धरून नेला.

त्या रात्री तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली. जाग आली ती पहाटे. पिटुकली तिच्या कुशीत होती, पलंगाची दुसरी बाजू भिंतीला टेकलेली. बाहेर जिन्यात पावलं वाजत होती. एक साफ... एक घासत. पहिला मजला... दुसरा मजला... दाराशी येऊन ती थांबली.

तिने लेकीला घट्ट धरलं. पिटुकली झोपेतच गोड हसली, तिचा हात हळूच बाजूला केला, आणि कूस वळून भिंतीकडे जागा करून दिली.