एका लकबीच्या दोघी

"आपण आधीच आत आहात," दरवाजा म्हणाला.

रुक्साना मुजावर घुमटाबाहेर उभी होती. अंतराळपोशाखात, हातात थापी घेऊन, चंद्राच्या राखाडी धुळीत घोट्यापर्यंत. आपण आत नाही, याबद्दल तिची स्वतःची तरी पक्की खात्री होती.

"परत बघ की नीट," ती दरवाजाला म्हणाली.

दरवाजाने नीट बघितलं. दरवाजे या बाबतीत फार आज्ञाधारक असतात. "कौतिक महाजन, गवंडी, श्रेणी पहिली. आपण आधीच आत आहात."

मिरजेच्या रुक्सानाला दरवाजाने भूत म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कौतिक? चंद्रावरचा पहिला विटांचा घुमट बांधायला जी टोळी आली, तिच्यात या दोघी सर्वांत तरबेज. आल्या दिवशीच कौतिकबाईंनी रुक्सानाची भिंत बघून विचारलं होतं, "मिरजेत याला भिंत म्हणतात का?" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. एकाच भिंतीवर समोरासमोर काम, आणि तोंडातून अवाक्षर नाही.

तळप्रमुख जोसेफ डाबरे मूळचे वसईचे. ते तडक प्रयोगशाळेत गेले. तिथे डॉ. इरावती केळुसकर पडद्यासमोर बसल्या होत्या. कामगारांसाठीचं 'लकबपत्र' त्यांनीच तयार केलं होतं.

"डॉक्टर, तुमचा दरवाजा बिघडला."

"दरवाजा ठीक आहे. मी तपासला."

"मग मला समजेल असं सांगा."

"हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही, हातमोज्यामुळे बोटांचे ठसे मिळत नाहीत. खिशातलं ओळखपत्र कुणीही कुणाला देऊ शकतं. म्हणून मी लकबपत्र हातमोज्यातच विणलं. हात कसा उचलता, कुठे थांबता, मनगट किती वळवता, ही तुमची लकब. ती वाचली की माणूसही कळतो आणि त्याला काम किती येतं तेही कळतं. एका मापात दोन्ही."

"आणि आता एका मापात दोन बायका मावल्या."

इरावती हसल्या, पण जरा कसनुशा. "आपण कुणाचं काम टक लावून बघतो ना, तेव्हा आपला मेंदू आतल्या आत तेच काम करत असतो. रोज बघितलं तर हातही तसाच चालायला लागतो. आणि माणूस जितकं बारीक वैऱ्याकडे बघतो, तितकं मित्राकडे कधी बघत नाही."

"म्हणजे भांडून भांडून एक झाल्या?"

"न बोलता भांडून. त्यामुळे बघायला वेळच वेळ."

डाबऱ्यांना हसू आलं, पण टिकलं नाही. तळाचा नियम कडक होता. हवा मोजकी, म्हणून ज्याची ओळख पटणार नाही त्याने पुढच्या यानाने पृथ्वीवर परतायचं. घुमट पूर्ण झाला की त्यात हवा भरणार होते. हेल्मेट काढून आपण बांधलेल्या छताखाली उभं राहायचं, आपल्या नाकाने श्वास घ्यायचा, एवढ्यासाठी रुक्साना इथवर आली होती. छत आता हातभर उरलं होतं.

"दोघींना लांब ठेवू," इरावती म्हणाल्या. "बघणं थांबलं की लकबी आपोआप वेगळ्या होतील."

कौतिकबाई उत्तरेला गेल्या, रुक्साना दक्षिणेला. मध्ये विटांचा एवढा ढीग रचला की मान कितीही उंच केली तरी पलीकडचं दिसू नये. चांद्रदिवस मावळायच्या सुमाराला दोघींना पुन्हा दरवाजाशी आणलं.

"नवीन व्यक्ती," दरवाजा कौतिकबाईंना म्हणाला. "शिकाऊ."

"कोण शिकाऊ?" कौतिकबाई म्हणाल्या.

मग रुक्साना पुढे झाली. "नवीन व्यक्ती. शिकाऊ."

लकबी वेगळ्या झाल्या होत्या खऱ्या, पण कामाचा पार विचका झाला होता. दोघींचे थर वाकडे, माल कुठे जाड तर कुठे पातळ. आता यानात एक नाही, दोन जागा राखून ठेवायची वेळ आली. इरावतींनी आकडे उलटसुलट करून बघितले, त्यांना काही उलगडेना.

शेवटी रुक्सानाच बोलली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा वाहिनीवर. "तिला समोर आणा. तिच्या हाताकडं बघितल्याबिगर माझी वीट सरळ बसत न्हाई."

मग कौतिकबाईंचा आवाज आला. "माझ्या हाताचा ओळंबा करते ही."

"मग? सरळ हाय, म्हणून करते."

इतक्या दिवसांतलं हे पहिलं संभाषण. डाबऱ्यांनी विटांचा ढीग हटवायला लावला.

समोरासमोर येताच हात परतले. जणू मधे काही घडलंच नव्हतं. दरवाजा पुन्हा दोघींना पहिली श्रेणी देऊ लागला, आणि पुन्हा एकच व्यक्ती समजू लागला.

"चूक माझ्या मापात आहे," इरावती डाबऱ्यांना म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "कौशल्य वाढतं ते दुसऱ्यांचे हात बघून. म्हणजे कौशल्य जितकं वाढेल, तितकी वेगळी ओळख पुसट होणार. एकच माप दोन्ही सांगू शकत नाही."

"मग रुक्सानाचं काय करायचं?"

"एक पत्र, दोन जागा. जोडपत्र."

रुक्साना राहिली. इरावतींनी मात्र पृथ्वीवरच्या परिषदेसाठी सविस्तर अहवाल लिहायला घेतला. त्यासाठी दोघींच्या कामाची चित्रफीत त्या जेवताना, झोपताना, उठल्या उठल्या बघत होत्या.

यान आलं. सामान चढलं. अहवाल घेऊन परिषदेला निघालेल्या इरावतींनी यानाच्या दरवाजाचं चाक फिरवलं.

"कौतिक-रुक्साना जोडपत्र, गवंडी, श्रेणी पहिली," यान म्हणालं. "घुमट अपुरा आहे. कृपया कामावर जा."

"मी केळुसकर आहे."

"या लकबीची केळुसकर नोंदीत नाही."

"खरं सांगू?" मागून डाबरे म्हणाले. "काल तुम्ही भाकरीवर चटणी थापीने ओढावी तशी ओढलीत. मी म्हटलं, बोलावं की नाही."

यान वेळेवर सुटलं. सामान गेलं. इरावती निमूटपणे घुमटाच्या दरवाजाशी आल्या, तर तोही उघडेना. जोडपत्रावरच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. ज्यांनी सगळ्यांना ओळख दिली, त्यांना आता यानही घेईना आणि घुमटही.

वाहिनीवर कौतिकबाई खो खो हसत होत्या. रुक्साना तेवढं हसली नाही. दरवाजाबाहेर उभं राहणं कसं असतं, ते तिला ठाऊक होतं.

"डॉक्टर, थांबा तिथंच," ती म्हणाली. "मी भाईर येते, मग तुम्ही आत जावा. तेवढीच मला बी विश्रांती."

दरवाजा उघडला. रुक्सानाने आपली थापी इरावतींच्या हातात दिली. ती हातात अगदी चपखल बसली.

"आणि थर सरळ ठेवा," ती म्हणाली. "कौतिक बघत असती."