जांभया देणारं बेट

“कुशीवर वळवा त्याला! तोंडात चमचा वगैरे काही घालू नका!”

डॉक्टर मावशीचा आवाज ऐकला आणि भोंगा आणि चष्मिष हातातली खोकी तिथेच टाकून धावले. धक्क्याच्या फळ्यांवर सहा वर्षांचा पिल्लू आडवा पडला होता. हातपाय ताठ होऊन झटके देत होते, डोळे पांढरे झाले होते. त्याची आई शेजारी गुडघ्यांवर बसली होती. तिच्या कडेवरचं तान्हं रडून रडून लाल झालं होतं, पण तिला ते ऐकूही येत नव्हतं. पिल्लूची मोठी बहीण टिटवी भावाच्या डोक्याखाली आपले दोन्ही तळवे धरून बसली होती, फळ्या लागू नयेत म्हणून.

झटके थांबले तसा पिल्लू ग्लानीत गेला. मावशीने त्याला उचलून बोटीत नेलं.

भोंगा आणि चष्मिष हे भाऊबहीण मावशीबरोबर सुट्टीभर या दवाखान्याच्या बोटीवर आले होते. बोट एका संस्थेची. लोकांच्या देणग्यांवर चालायची आणि जिथे डॉक्टरच काय, साधा कंपाउंडरही नाही अशा बेटांवर दर दोन महिन्यांनी जायची. चष्मिषचं काम औषधांची खोकी लावण्याचं. भोंग्याचं काम पेशंटना हाका मारण्याचं, कारण त्याचा आवाज. शाळेत ज्या आवाजामुळे तो कायम वर्गाबाहेर असायचा, त्याच आवाजाची इथे चक्क किंमत होती. टिटवी मागच्या सुट्टीपासूनची मैत्रीण. काटकुळे पाय आणि सतत पळापळ, म्हणून टिटवी.

“मागच्या खेपेला दिलेल्या फिटच्या सगळ्या गोळ्या दिल्यात ना याला?” मावशीने आईला विचारलं.

“मिळाल्या तेवढ्या सगळ्या दिल्या,” आई खाली बघत म्हणाली.

मावशीने कपाळाला हात लावला. गोळी लागू पडत नाही, याचा अर्थ पिल्लूला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, तिथे वेगळी, जड औषधं सुरू करावी लागतील, असं तिने सांगितलं. किती दिवस, ते तिला सांगता येईना. पिल्लूचे बाबा मासेमारीच्या बोटीवर लांब गेलेले, आईच्या अंगावर तान्हं मूल. म्हणजे पिल्लू एकटाच जाणार. आणि बोट भरती उतरायच्या आत निघणार, नाहीतर धक्क्याशीच चिखलात रुतून बसेल.

आई पिल्लूचे कपडे आणायला उठली. टिटवी मात्र तडक बाहेर पळाली. भोंगा आणि चष्मिष तिच्यामागे.

टिटवी दोरांच्या ढिगाआड बसून रडत होती. पिल्लू तिच्याशिवाय झोपतही नाही, अनोळखी माणसांत त्याला फिट आली तर त्याचं डोकं कोण धरेल, असं काहीबाही ती बोलत होती. भोंगा इकडेतिकडे बघत राहिला आणि तेवढ्यात त्याला जांभई आली.

“लाज वाटत नाही?” चष्मिष करवादली.

“अगं, समोरचे काका देतायत ना, म्हणून मलाही आली!”

खरंच, समोर जाळी विणणारे काका सुई हातात धरून पेंगत होते. त्यांच्या पलीकडे सुतार रंध्यावर डोकं टेकून चक्क घोरत होता. सकाळी धक्क्यावर दोर झेलणाऱ्याने भलीमोठी जांभई देताना दोर सोडला होता आणि बोट फळ्यांवर आदळली होती. चष्मिषने चष्मा वर सरकवला. ती विचारात पडली की तिचा हात आपोआप चष्म्याला जायचा.

“मावशी काय म्हणाली होती आठवतं? या गोळीने सुरुवातीला माणूस दिवसभर पेंगतो. आणि पिल्लू सकाळी काय करत होता?”

“खोक्यांवरून उड्या मारत होता,” भोंगा म्हणाला. “आपण पकडून पकडून दमलो.”

“म्हणजे ज्याने पेंगायला हवं तो टुणटुणीत, आणि अख्खं गाव पेंगतंय!”

तिघं उठलीच. दुकानात दुकानदारीणबाई गल्ल्यावर डुलत होत्या. त्यांच्या मागच्या फळीवर, डब्याला टेकून, गोळीचा एक चौकोन उभा होता. पाकिटातून कात्रीने कापून काढलेला, मागे निळी पट्टी. तस्साच चौकोन सुताराच्या खिशातून डोकावत होता. ती निळी पट्टी चष्मिषने झोपेतही ओळखली असती. फिटच्या गोळ्यांची खोकी तिनेच तर लावली होती!

“पिल्लूच्या गोळ्या चोरल्यात कुणीतरी,” ती कुजबुजली.

टिटवीने डोळे पुसले आणि नवलाने तिच्याकडे पाहिलं. “चोरी कसली? वाटा आहे तो.”

मग तिने सांगितलं, अगदी सूर्य उगवतो हे सांगावं तितक्या सहज. बोटीतून बेटावर जे उतरतं ते सगळ्यांचं. मासे असोत, लाकूड असो, वाहून आलेला पिंप असो. वाटणीकाका प्रत्येक घराचा सारखा वाटा करतात. दवाखान्याची बोट गेली की घरोघरची औषधं त्यांच्या टोपलीत जमा होतात आणि तशीच वाटली जातात. एकट्याने ठेवून घेणं म्हणजे बेटावर सगळ्यात मोठी लाज. आणि आज बोट पुन्हा येणार म्हणून सगळ्यांनी जुना वाटा संपवायला घेतला होता.

“पिल्लूच्या वाट्याला किती आल्या?” चष्मिषने विचारलं.

टिटवीने एका हाताची बोटं उघडली, मोजली आणि तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. आत्तापर्यंत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिघं धक्क्याकडे सुसाट सुटली. पण बोटीवर निघायची घाई उडाली होती. मावशी पिल्लूचं अंथरूण लावत होती. “नंतर सांग गं, आत्ता नाही,” म्हणून तिने चष्मिषला दोनदा बाजूला केलं. सारंग, म्हणजे बोट चालवणारे काका, तर खेकसलेच की पाणी उतरतंय आणि ही पोरं पायात पायात येतायत. आईने पिल्लूच्या कपड्यांचं गाठोडं आणून फळीवर ठेवलं.

मोठ्यांना ऐकायलाच वेळ नव्हता. एकदा बोटीचा दोर सुटला की संपलं.

तिने भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

“पण हे खोटं आहे,” भोंगा म्हणाला.

“मार मी खाईन. तू ओरड.”

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. “ज्यांनी ज्यांनी निळ्या पट्टीची गोळी खाल्लीय, त्यांची जीभ हिरवी पडणार आहे होऽऽ! बोट निघायच्या आत येऊन जीभ दाखवा होऽऽ!”

बेट खडबडून जागं झालं. सुतार आला, जाळीवाले काका आले, दुकानदारीणबाई एका पायात चप्पल घालून आल्या. बघता बघता धक्का माणसांनी भरला आणि प्रत्येकाने मावशीसमोर जीभ बाहेर काढली! शेवटी टोपली हातात घेतलेले वाटणीकाकाही घाबरत घाबरत जीभ दाखवायला उभे राहिले.

मावशी आधी चक्रावली. मग तिचा आवाज अगदी खाली आला.

“ही गोळी या बेटावर मी एकाच मुलाला दिली होती. तुम्हाला सगळ्यांना कुणी दिली?”

“मी दिली,” वाटणीकाका म्हणाले. “सारखी. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. अन्याय नाही केला.”

“केलात!”

पिल्लूची आई पुढे आली होती. एवढ्या लोकांसमोर तिला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. “मासा कमी आला तर आम्ही कमी खातो, काका. गोळी कमी आली तर माझं पोर पडतं. मी लाजेपायी गप्प राहिले. आता नाही राहायची.”

वाटणीकाकांनी टोपली खाली ठेवली. मावशीने मग सगळ्यांना साध्या शब्दांत समजावलं की औषध ज्याच्या आजाराचं, त्याचंच. दुसऱ्याने खाल्लं तर दोघांचंही नुकसान. आणि बेटावर कुणाचंच दुखणं का हटत नाही, हे कोडंही तिला आत्ता सुटलं. “चूक माझीही आहे,” ती म्हणाली. “मी औषधं दिली आणि निघून गेले. पुढे त्यांचं काय होतं, कधी विचारलंच नाही.”

गाठोडं परत घरी गेलं. नव्या गोळ्या पिल्लूच्या आईच्या हातात पडल्या, आणि त्यांना कुणी हात लावणार नाही याचा शब्द वाटणीकाकांनी स्वतः दिला. चष्मिषला शाबासकीआधी कानपिचक्या मिळाल्या, औषधाच्या बाबतीत लोकांना खोटं घाबरवल्याबद्दल. जीभ हिरवी पडत नाही हेही तिलाच, बोट निघायच्या आत, धक्क्यावरच्या प्रत्येकाला सांगावं लागलं.

तरी काळजी होतीच. गोळी पूर्ण देऊनही फिट आली तर? बाकीची बेटं करून परत येईपर्यंत चष्मिषला धड झोप लागली नाही.

परतीला बोट धक्क्याजवळ आली तेव्हा टिटवी दिसली, आई दिसली, वाटणीकाका दिसले. पिल्लू नव्हता. चष्मिष पळतच बोटीच्या कठड्याशी गेली.

टिटवीने तोंडाभोवती हात धरले. “एकदाही नाही! एकदाही फिट आली नाही!”

मावशीने दोघांना इतकं घट्ट जवळ घेतलं की चष्मा वाकडा झाला. “इतकी वर्षं डॉक्टरकी करून मला जे दिसलं नाही, ते तुम्ही जांभयांवरून ओळखलंत,” ती म्हणाली. वाटणीकाकांनी भोंग्याच्या पाठीवर थाप मारून, बेटाला असा आवाज हवाच होता, असं सांगितलं. सारंगांनीही त्या दिवशी खेकसल्याबद्दल माफी मागितली, पण हळूच.

“पण पिल्लू कुठाय?” चष्मिषने विचारलं.

“दुकानात पाठवलंय. साबण आणायला,” आई म्हणाली. तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. “एकटा गेलाय. पहिल्यांदा.”

सगळे रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिले. जरा वेळाने साबण वर उडवत, झेलत, मधेच पाडत पिल्लू रमतगमत येताना दिसला, आणि आईने पहिल्यांदा रस्त्यावरची नजर काढून पदराने डोळे पुसले.